रहस्यकथा लिहिणाऱ्यांचं काम: कारागिरी, मजुरी की कला?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘काम’ या संकल्पनेकडे पाहिलं. श्रम म्हणजे काय, निर्मिती म्हणजे काय, आणि माणूस आपल्या कामाशी कसा जोडलेला असतो किंवा त्यापासून कसा तुटतो, हे बघितलं. ते सगळं जरा हवेत चाललं होतं, अशी तक्रार काही श्रोत्यांनी कळवली. तक्रार रास्त आहे. म्हणून आज एक ठोस धंदा घेऊन बोलायचं ठरवलं आहे: रहस्यकथा आणि गुन्हेगारी कथा लिहिणाऱ्यांचा धंदा.

धंदा हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. कवीच्या कामाला आपण साधना म्हणतो, कादंबरीकाराच्या कामाला सृजन म्हणतो. रहस्यकथाकाराबद्दल बोलताना मात्र आपण ‘पाडणं’ हे क्रियापद वापरतो. ‘त्यानं शंभर पुस्तकं पाडली.’ आता हा भेद भाषेत आला कुठून आणि तो खरा आहे का, हे तपासायचं असेल तर या लोकांचा कामाचा दिवस बघावा लागेल. ते लिहायला कधी बसत, पैसे किती मिळत, शेवट आधी ठरवत की नाही, आणि लिहून लिहून कंटाळा आला की काय करत.

यात तत्त्वज्ञानाचा संबंध काय, असं विचाराल. संबंध आहे. आर. जी. कॉलिंगवुड नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ होते. त्यांचं ‘द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट’ हे पुस्तक १९३८ सालचं. त्यात त्यांनी कारागिरी आणि कला यांत एक रेघ ओढली. कारागिराला आपण काय बनवणार आहोत ते आधीच ठाऊक असतं. सुतार खुर्ची करायला बसतो तेव्हा खुर्ची त्याच्या डोक्यात तयार असते. कलावंताला मात्र आपल्याला काय म्हणायचं आहे हे म्हणून होईपर्यंत कळत नाही. आणि वाचकाच्या मनात एक ठरावीक भावना उठवून देण्यासाठी जे लिहिलं जातं ते कॉलिंगवुड यांच्या मते करमणूक, खरी कला नव्हे. रहस्यकथा त्यांनी या करमणुकीच्या खात्यात टाकली. गंमत अशी की याच कॉलिंगवुड यांनी इतिहासकार पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढतो हे समजावताना खुनाच्या तपासाची एक छोटी गोष्ट रचून उदाहरण म्हणून वापरली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९४६ साली आलेल्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’मध्ये आहे. म्हणजे रहस्यकथा विचार शिकवायला चालते, पण कला म्हणून चालत नाही!

तर ही रेघ सोबत घेऊन आपण पुढे जाऊ. सुरुवात पैशांपासून करू, कारण या धंद्यातली माणसं स्वतःही तिथूनच करत.

दर काय होता?

आर्थर कॉनन डॉयल हे इंग्लंडमध्ये साउथसी इथे डॉक्टरी करत होते. १८८६ साली त्यांनी ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ लिहिली, शेरलॉक होम्सची पहिली गोष्ट. बऱ्याच नकारांनंतर एका प्रकाशकानं ती घेतली आणि सगळे हक्क मिळून २५ पौंड दिले. १८८७ साली ती एका नाताळ वार्षिकात छापली गेली. त्या पुस्तकाच्या पुढे किती आवृत्त्या निघाल्या ते तुम्हाला माहीत आहे, पण डॉयल यांना त्यातून पुढे एक पैसा मिळाला नाही.

१८९१ साली ते लंडनला आले आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणून खोली भाड्यानं घेतली. रोज सकाळी दहाला तिथे जाऊन बसायचं आणि दुपारी तीन-चारला उठायचं. रुग्ण कोणी फिरकला नाही. त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवलं आहे की थांबायची खोली आणि तपासायची खोली अशा दोन खोल्या होत्या, आणि दोन्ही थांबण्याच्याच ठरल्या. त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सच्या कथा सुरू झाल्या. फ्लूच्या दुखण्यातून उठताना त्यांनी ठरवलं की आता डॉक्टरी पुरे, लेखणीवर जगायचं. पहिल्या कथांना साधारण ३५ पौंड मिळाले. पुढच्या खेपेला त्यांनी कथेमागे ५० मागितले, ते मिळाले. मग डझनभर कथांचे १००० पौंड मागितले, तेही मिळाले. हिशेब करा: १८८६ साली अख्ख्या कादंबरीचे २५, आणि सहा-सात वर्षांनी एका कथेचे ८० पेक्षा जास्त. मधल्या काळात लेखक बदलला नव्हता. बाजारात त्याचं नाव झालं होतं.

आगाथा ख्रिस्तीचंही तेच. ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ तिनं पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ च्या सुमारास लिहिली. ती छापून आली १९२० साली. करार असा की पहिल्या २००० प्रती खपेपर्यंत मानधन नाही, आणि पुढची पाच पुस्तकं याच प्रकाशकाला द्यायची. वृत्तपत्रात क्रमशः छापण्याच्या हक्कातून तिच्या वाट्याला २५ पौंड आले. पुन्हा तोच आकडा बघा, चौतीस वर्षांनंतर. प्रकाशन होतं आहे या आनंदात तिनं सही करून टाकली. पहिल्या पुस्तकाचा लेखक हा व्यवहारात नेहमीच दुबळा पक्ष असतो, कारण त्याला छापून यायची घाई असते आणि समोरच्याला ती दिसत असते.

आता अमेरिकेत जाऊ. तिथे स्वस्त कागदावर छापलेली कथा-मासिकं असत. त्यांत ‘ब्लॅक मास्क’ हे मानाचं. तिथे दर शब्दावर. रेमंड चँडलर हा तेलाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. १९३२ साली दारूमुळे आणि गैरहजेरीमुळे नोकरी गेली. वय ४४. त्यानं रहस्यकथा कशा लिहितात हे अगदी उमेदवारासारखं शिकायला घेतलं. दुसऱ्यांच्या कथा घ्यायच्या, त्यांचा सारांश काढायचा, त्यावरून स्वतः कथा लिहायची आणि मूळ कथेशी ताडून बघायची. पहिली कथा लिहायला पाच महिने लागले. ती १९३३ च्या डिसेंबरात छापली गेली. १८,००० शब्द, शब्दाला एक सेंट, म्हणजे १८० डॉलर. पाच महिन्यांची कमाई!

इथे एक मुद्दा लक्षात घ्या. शब्दावर दर असला की लेखकापुढे दोन रस्ते असतात. एक, भराभर लिहायचं. अर्ल स्टॅन्ली गार्डनर या वकिलानं तो धरला. दिवसा वकिली, रात्री कथा, आणि पुढे तर तो गोष्टी सांगायचा आणि चिटणीस टाइप करायचे. स्वतःला तो गोष्टींचा कारखाना म्हणवून घ्यायचा. पेरी मेसनच्या ८० हून जास्त कादंबऱ्या त्यातून निघाल्या. दुसरा रस्ता चँडलरचा: कमी लिहायचं, पुन्हा पुन्हा लिहायचं आणि तोट्यात जायचं. आयुष्यभरात त्यानं सात कादंबऱ्या पूर्ण केल्या. एकाच मासिकात, शब्दांच्या दरानं लिहिणारे हे दोघे. मग दरावरून कामाची जात ठरते असं म्हणता येईल का? मला तरी तसं म्हणता येत नाही.

आणि तिसराही एक रस्ता आहे, कर्जाचा. एडगर वॉलेसनं १९०५ साली ‘द फोर जस्ट मेन’ स्वतःच्या पैशांनी छापली आणि रहस्य ओळखणाऱ्यांना मिळून ५०० पौंडांची बक्षिसं जाहीर केली. किती जणांना द्यायची याची मर्यादा घालायची राहून गेली. बरोबर उत्तरं भरपूर आली. पुस्तक खपलं आणि लेखक बुडाला. पुढे तो बोलून लिहवून घ्यायला लागला, काही कादंबऱ्या तर दोन-तीन दिवसांत झाल्या. १९३२ मध्ये तो हॉलिवुडला वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर प्रचंड कर्ज होतं. ते दोनेक वर्षांत पुस्तकांच्या मानधनातूनच फिटलं.

वेळ कुठून काढत?

आपण अशी कल्पना करतो की लेखक म्हणजे खिडकीपाशी टेबल, समोर झाड आणि हातात पेन. प्रत्यक्षात या लेखकांपैकी बरेच जण दुसरी नोकरी करणारे होते.

डोरोथी सेयर्स ही ऑक्सफर्डची पदवीधर. १९२२ पासून १९३१ पर्यंत ती लंडनच्या एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायची. तिथल्या अनुभवावर तिनं १९३३ साली ‘मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज’ लिहिली. कचेरीतला लोखंडी गोल जिना, चहाची वेळ, मजकुरावरून होणारी भांडणं, सगळं त्यात आलं. तिनंच १९३५ साली ऑक्सफर्डमध्ये ‘ॲरिस्टॉटल आणि रहस्यकथा’ या विषयावर व्याख्यान दिलं. तिचं म्हणणं असं की ॲरिस्टॉटलला खरं तर रहस्यकथाच हवी होती, फक्त त्या काळी ती नसल्यानं त्याला शोकांतिकेवर भागवावं लागलं. थट्टा आहे, पण पोकळ नाही. कथानक हा नाटकाचा प्राण, उलटापालट आणि ओळख पटणं हे त्याचे मुख्य भाग, आणि शेवट अनपेक्षित असूनही आधीच्या घटनांतूनच निघालेला हवा, ही सगळी ॲरिस्टॉटलची मागणी आहे. रहस्यकथेचा लेखक ती मागणी दर पुस्तकात पुरी करायला बांधलेला असतो.

पी. डी. जेम्सचं उदाहरण तर मला फार मोलाचं वाटतं. तिचा नवरा डॉक्टर, दुसऱ्या महायुद्धाहून परतला तो मानसिक आजार घेऊन. दोन मुली. घर चालवायची जबाबदारी तिच्यावर. ती रुग्णालयांच्या कारभार-खात्यात नोकरी करायची आणि पहाटे उठून, कामावर जायच्या आधी लिहायची. पहिली कादंबरी ‘कव्हर हर फेस’ १९६२ साली आली तेव्हा ती ४२ वर्षांची होती. १९६४ साली नवरा गेला. १९६८ मध्ये ती गृहखात्यात रुजू झाली आणि १९७९ साली निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. म्हणजे लेखिका म्हणून नाव झाल्यावरही वर्षानुवर्षं तिनं हजेरीपटावर सही केली. पण नोकरी वाया गेली नाही. ‘श्राउड फॉर अ नाइटिंगेल’ परिचारिकांच्या प्रशिक्षण-शाळेत घडते, ‘डेथ ऑफ ॲन एक्स्पर्ट विटनेस’ न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. कचेरीत माणसं एकमेकांचा द्वेष किती सभ्यपणे करतात, हे नोकरी केल्याशिवाय कळत नाही!

ख्रिस्तीचंही ज्ञान नोकरीतलंच. युद्धात ती टॉर्की इथल्या रुग्णालयाच्या औषध-विभागात काम करत होती. विषांची मात्रा, कोणतं औषध कशात मिसळलं की काय होतं, हे तिथे शिकली. पहिल्या पुस्तकातल्या विषाच्या तपशिलाची तारीफ औषधशास्त्राच्या एका नियतकालिकानं केली आणि तिला त्याचं विशेष अप्रूप होतं.

स्वीडनमध्ये मे श्योवाल आणि पेर वालो या जोडप्यानं १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत दहा कादंबऱ्या लिहिल्या. मुलं झोपली की रात्री बसायचं, एक प्रकरण त्यानं, एक तिनं. दहा पुस्तकांची योजना आधीपासून ठरलेली. आणि आपल्याकडे हिंदीत सुरेंद्र मोहन पाठक यांनी दिल्लीत टेलिफोनच्या सरकारी कारखान्याची नोकरी निवृत्तीपर्यंत सांभाळून जवळजवळ तीनशे कादंबऱ्या लिहिल्या.

शेवट आधी माहीत असतो का?

आता कॉलिंगवुड यांच्या रेघेकडे येऊ. त्यांचा आक्षेप असा की कारागिराला शेवट आधीच माहीत असतो. रहस्यकथेत तर तो असायलाच हवा, नाही का? खुनी कोण हे लेखकाला माहीत नसेल तर सुगावे पेरणार कसे?

ख्रिस्तीच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. तिच्या ७० हून जास्त वह्या मागे राहिल्या आहेत. साध्या शाळकरी वह्या. त्यांत एका पानावर विष कसं द्यायचं, शेजारी सामानाची यादी, मध्येच कोण आला-गेला. वह्यांना क्रम नाही, तारखा क्वचित. पण त्या वाचल्या की एक गोष्ट दिसते. खुनी कोण हे ती पुष्कळदा बदलून बघते. हा असेल तर, ती असेल तर, दोघं मिळून असतील तर. म्हणजे शेवट आधी माहीत असतो, पण तो ‘आधी’ येण्यापूर्वी एक लांब अंधारी वाट असते. सुताराची खुर्चीही अशीच कुठून तरी आलेली असते, ते आपण विसरतो.

तिला लिहायची स्वतंत्र खोली कित्येक वर्षं नव्हती. भक्कम टेबल आणि टाइपरायटर असला की पुरे. वार्ताहर फोटो काढायला आले की लिहिण्याची जागा दाखवायची पंचाईत. नवरा पुरातत्त्वज्ञ, त्याच्याबरोबर ती इराकमध्ये निमरूदच्या उत्खननाला जायची, तिथेही लिहायची. इतकी पुस्तकं झाल्यावरसुद्धा कागदपत्रांत व्यवसायाच्या रकान्यात ती ‘विवाहित स्त्री’ असंच लिहायची.

पण आत्मचरित्रात तिनं एक क्षण नोंदवला आहे. ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ लिहिताना, म्हणजे १९२७ च्या सुमारास, आई गेलेली, लग्न मोडलेलं, पैशांची गरज. पुस्तक लिहायची मुळीच इच्छा नव्हती, लिहिलं तेही तिला आवडत नव्हतं, तरी ती लिहीत राहिली. तिच्या मते ती हौशी लेखिकेची व्यावसायिक लेखिका झाली ती तेव्हा. मन नसताना लिहिणं, हा तो ओलांडलेला उंबरठा. मला वाटतं, कर्तव्याची कांटप्रणीत कल्पना समजावायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही. इच्छा आहे म्हणून केलं तर ते कर्तव्य आहे की आवड, हे सांगता येत नाही. इच्छा संपली आणि काम चालू राहिलं, की मग कळतं.

आता याच्या अगदी उलट टोकाचा माणूस घेऊ. जॉर्ज सिमेनॉन, बेल्जियमचा, जन्म १९०३. सोळाव्या वर्षाच्या आसपास वृत्तपत्रात बातमीदार. पॅरिसला जाऊन टोपणनावांनी शेकड्यानं स्वस्त गोष्टी लिहिल्या. १९३१ पासून इन्स्पेक्टर मेग्रे सुरू झाला. मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या आहेत. त्याची पद्धत अशी: टेलिफोनच्या पुस्तकांतून नावं काढायची. एका पिवळ्या पाकिटावर पात्रांची नावं, वय, पत्ता, घरचे लोक लिहायचे. गावाचा नकाशा बघायचा. मग दारावर ‘व्यत्यय आणू नका’ची पाटी लावायची आणि रोज सकाळी एक प्रकरण. आठ-दहा दिवसांत कादंबरी संपली पाहिजे. मध्ये आजारी पडून दोन दिवस खंड पडला तर लिहिलेलं सगळं टाकून द्यायचं, कारण पात्राच्या अंगातून तो बाहेर आलेला असे. लिहायला बसण्याआधी डॉक्टरकडून तब्येत तपासून घ्यायची. आणि शेवट? तो म्हणे, मला माहीत नसतो. या माणसाला ढकलत ढकलत टोकाला नेलं तर तो काय करेल, हे बघायला मी लिहितो.

बघा आता. वर्षाला चार-पाच पुस्तकं ‘पाडणारा’ सिमेनॉन हा कॉलिंगवुड यांच्या व्याख्येनं अस्सल कलावंत ठरतो, कारण त्याला शेवट ठाऊक नसतो. वह्यांत आडाखे बांधणारी ख्रिस्ती कारागीर ठरते. आणि चँडलर? त्यानं ‘द बिग स्लीप’, १९३९, आपल्याच जुन्या मासिकातल्या कथा जोडून बांधली. पुढे सिनेमा काढताना मंडळींना प्रश्न पडला की त्यातल्या ड्रायव्हरला मारलं कुणी. लेखकाला विचारलं. लेखक म्हणाला, मलाही माहीत नाही! आता ही कोणती जात? मला वाटतं, रेघ लेखकालेखकांमधून जात नाही. ती प्रत्येकाच्या एकाच कामाच्या दिवसातून जाते. सकाळी तो कलावंत असतो, दुपारी कारागीर, आणि हप्ता मागायला प्रकाशकाला पत्र लिहिताना मजूर.

चँडलरचा स्वतःसाठी एक नियम होता, तो ऐकून ठेवा. रोज किमान चार तास बाजूला काढायचे. लिहिलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पण त्या वेळात दुसरं काहीही करायचं नाही. वाचायचं नाही, पत्रं लिहायची नाहीत.

पात्र मालक होतं तेव्हा

मार्क्सची परात्मतेची कल्पना आपण मागे पाहिली. कामगार जे निर्माण करतो तेच त्याच्यापुढे परकं होऊन उभं राहतं आणि त्याच्यावर सत्ता गाजवतं. कापडगिरणीत हे समजायला अवघड जातं. रहस्यकथेत ते डोळ्यांना दिसतं.

डॉयल यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. होम्स त्यांचा वेळ खात होता. १८९३ साली त्यांनी त्याला धबधब्यात ढकललं आणि वहीत दोन शब्दांची नोंद केली की होम्सला मारलं. वाचक खवळले. १९०१ साली ‘बास्करव्हिल्स’ची गोष्ट आली, ती होम्सच्या मृत्यूआधीची म्हणून. शेवटी १९०३ मध्ये भरपूर मोबदल्यावर त्याला जिवंत करावं लागलं. एकूण ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या झाल्या.

ख्रिस्तीला पोआरोचा कंटाळा आला होता, पण वाचकांना तोच हवा होता. तिनं युक्ती केली. आपल्या कादंबऱ्यांत अरिआडनी ऑलिव्हर नावाची एक रहस्यकथा-लेखिका आणली, आणि तिला फिनलंडचा एक गुप्तहेर चिकटवून दिला. फिनलंडबद्दल काहीच माहीत नसताना हा माणूस मी का निवडला, म्हणून ती बाई सारखी करवादते. दुसऱ्या महायुद्धात ख्रिस्तीनं पोआरोची शेवटची गोष्ट लिहून तिजोरीत ठेवून दिली. ती १९७५ साली प्रकाशित झाली, तिच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. तीस वर्षं त्याचा मृत्यू तिजोरीत होता आणि ती त्याला चालवत होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं पोआरोच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर छापली.

आपल्याकडचं देणं

मराठीत बाबूराव अर्नाळकरांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जन्म १९०६, मृत्यू १९९६. झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक. पुस्तकांची संख्या हजाराच्या वर. जरा गणित करू. चाळीस वर्षांत हजार पुस्तकं म्हणजे वर्षाला पंचवीस, साधारण दर पंधरा दिवसांना एक. पुस्तकं लहान असली तरी कथानक नवं लागतंच. मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांचीही संख्या हजाराच्या पुढची. पुण्याचे सुहास शिरवळकर आज ‘दुनियादारी’मुळे आठवले जातात, पण त्यांचा हात तयार झाला तो फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद यांच्या कथांवर.

ही पुस्तकं आपण वाचली कशी? विकत घेऊन फार थोड्यांनी. बहुतेकांनी वाचनालयातून, रोजच्या किंवा महिन्याच्या वर्गणीवर आणून. एक प्रत शंभर घरांत फिरायची, पानं सुटायची, पुन्हा बांधली जायची. वाचनालयवाल्याला प्रत्येक वाचनाचे पैसे मिळायचे. लेखकाला मिळाले असतील तर त्या एका प्रतीपुरते. ब्रिटनमध्ये हा प्रश्न लेखकांनी लावून धरला आणि १९७९ साली कायदा झाला. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेलं गेलं की लेखकाला सरकारकडून लहानशी रक्कम मिळते. रक्कम क्षुल्लक असते, तिला वरची मर्यादाही आहे, पण तत्त्व मोठं आहे: वाचनानं लेखकाचं देणं लागतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद नाही. ज्या लेखकांना आपण ‘पाडणारे’ म्हणालो, त्यांच्याच पुस्तकांवर गल्लोगल्लीची वाचनालयं चालली, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना वाचायची सवय तिथे लागली. हे ऋण आहे, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आभार कुणाचे मानायचे?

शेवटी एका तत्त्वज्ञाचीच गोष्ट सांगतो. लुडविग विटगेनश्टाइन, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या विचारवंतांपैकी एक. त्यांना अमेरिकेतली स्वस्त रहस्यकथा-मासिकं मनापासून आवडत. शिष्य नॉर्मन माल्कम ती अमेरिकेहून पाठवायचे. तत्त्वज्ञानाच्या ‘माइंड’ या नामांकित नियतकालिकापेक्षा या मासिकांत जास्त पोषण आहे, असं त्यांचं मत होतं. नॉर्बर्ट डेव्हिस नावाच्या लेखकाची एक कादंबरी त्यांना इतकी आवडली की १९४८ साली त्यांनी माल्कमना लिहिलं: या लेखकाचा काही ठावठिकाणा लागतो का पाहा, मला त्याचे आभार मानायचे आहेत.

डेव्हिस हा कायद्याचा पदवीधर. शिकत असतानाच कथा खपू लागल्या म्हणून वकिलीची परीक्षाच दिली नाही. पुढे मासिकांचे दिवस फिरले, कथा परत येऊ लागल्या, पैशांची चणचण झाली. १९४९ च्या उन्हाळ्यात त्यानं मॅसॅच्युसेट्समध्ये आत्महत्या केली. वय चाळीस. त्याच उन्हाळ्यात विटगेनश्टाइन माल्कम यांच्याकडे न्यूयॉर्क राज्यात इथाकाला राहायला आले होते. एकाच देशात, शेजारच्या मुलखात. आभार पोचले नाहीत.

या गोष्टीतून मी बोधवाक्य काढणार नाही. एवढंच म्हणतो की एखादं पुस्तक आवडलं तर लेखक हयात असताना दोन ओळी लिहाव्यात. पत्ता शोधायला आता पूर्वीइतका त्रास पडत नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: मी माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करतो. गुन्हेगारी कथा लिहायची आहे. नोकरी सोडून पूर्ण वेळ लिहावं का?*

तुम्ही आजची उदाहरणं पुन्हा बघा. डॉयल यांनी डॉक्टरी सोडली ती मासिकातून नियमित पैसे येऊ लागल्यावर. जेम्सबाईंनी सोडलीच नाही. चँडलरला नोकरीनं सोडलं. नोकरी सोडून मग लेखक झालो, असा क्रम यांच्यात सापडत नाही. आणि दुसरं, तुमच्या कचेरीत काय चालतं हे बाहेरच्या लेखकाला कळणार नाही. तो तुमचा औषध-विभाग आहे. पहाटेचा एक तास आधी काढून बघा. सहा महिने टिकला, तर मग पुढचं बोलू.

*प्रश्न: सतत खुनांचा विचार करून या लेखकांच्या मनावर परिणाम होत नसेल का?*

त्यांची चरित्रं वाचताना मला दिसतं ते असं की त्यांना खुनापेक्षा वेळापत्रक, कर आणि कराराची कलमं यांचा त्रास जास्त झाला. खून कागदावर संपतो. मुदत संपत नाही. सिमेनॉननं १९७२ नंतर कादंबरी लिहिली नाही, आणि पासपोर्टवर व्यवसायाच्या जागी ‘काही नाही’ असं लिहवून घेतलं. ख्रिस्तीचा ‘विवाहित स्त्री’ आणि याचा ‘काही नाही’, दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघा. माणूस आणि त्याचं काम यांचं नातं काय, हा आपला मूळ प्रश्न त्यांतच आहे. पुढच्या व्याख्यानात आपण निवृत्तीकडे वळणार आहोत. काम थांबल्यावर काम करणाऱ्याचं काय उरतं, ते बघू. आज इथे थांबतो.